वारंवारता बहुभुज: सांख्यिकी दिनाच्या तक्त्यांच्या नोंदी

९ जून

२९ जूनला राष्ट्रीय सांख्यिकी दिन. भारतीय सांख्यिकीतज्ज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्मदिवस (१८९३), २००७ पासून सरकारी पातळीवर पाळला जातो. यंदा २९ तारीख रविवारी येते, म्हणून शाळेत शनिवारी २८ला प्रदर्शन. गणिताच्या वाट्याला मागची भिंत आणि दोन थर्माकोलचे बोर्ड आले आहेत. विषय माझ्यावर सोडला आहे. मी वारंवारता बहुभुज घेते आहे: कुठल्या मापाची किती माणसं (ती वारंवारता) ते बिंदूंनी दाखवायचं आणि बिंदू सरळ रेघांनी जोडायचे.

दहावीचा सांख्यिकीचा पाठ वर्षाच्या शेवटी येतो आणि तोवर सगळे सराव प्रश्नपत्रिकांच्या मागे लागलेले असतात. बहुभुजाचं उदाहरण म्हणजे हातखंडा चार मार्क: वर्गमध्य (मापांच्या प्रत्येक गटाचा, म्हणजे वर्गाचा, मधला आकडा) काढा, बिंदू घ्या, पट्टीने जोडा, टोकं X-अक्षाला टेकवा. मुलं काढतात बिनचूक. पण काढलेल्या आलेखाकडे बघून एक वाक्य बोल म्हटलं की गप्प. यंदा उलटं करायचं: आलेख थोडे, वाचन जास्त.

आकडे मात्र खरे हवेत. 'एका कारखान्यातील ५० कामगारांची मजुरी' नको. त्या कारखान्यात आजवर कोणी गेलेलं नाही.

१२ जून

दोन संच पक्के केले.

पहिला अडॉल्फ केत्ले या बेल्जियन शास्त्रज्ञाने १८४६ साली पुस्तकात छापलेला, ५७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या घेराचा. मूळ मापं १८१७ साली एडिंबरोच्या एका वैद्यकीय नियतकालिकात आली होती, आणि ती दिली होती लष्कराला कपडे पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराने. हे मला फार आवडलं. कोट शिवायचे म्हणून छाती मोजली आणि त्यातून सांख्यिकीतला एक गाजलेला आलेख निघाला.

घेर ३३ इंचांपासून ४८ इंचांपर्यंत, एकेक इंचाने. वारंवारता क्रमाने:
३, १८, ८१, १८५, ४२०, ७४९, १०७३, १०७९, ९३४, ६५८, ३७०, ९२, ५०, २१, ४, १.
बेरीज करून पाहिली, ५७३८ बरोबर येते.

दुसरा फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाचा, १८८६चा. २०५ जोडप्यांच्या ९२८ प्रौढ अपत्यांच्या उंचीचा तक्ता. हे आकडे त्याने १८८४ साली बक्षिसं लावून कुटुंबांकडून मागवले होते, एकूण ५०० पौंडांची बक्षिसं. म्हणजे उंची ज्याने त्याने आपापल्या घरी मोजलेली. हे लक्षात ठेवायचं, पुढे कामाला येईल. गाल्टनने सुप्रजननाचा ('चांगल्या' वंशाच्याच माणसांची संतती वाढावी असा) जो विचार मांडला त्याने पुढे माणसांचं फार वाईट केलं, तेही तक्त्याखालच्या कार्डावर एका ओळीत लिहिणार. आकडे वापरायचे आणि माणूस झाकून ठेवायचा, हे मला पटत नाही.

महालनोबिसांशी धागाही जुळतो. त्यांचा १९२२चा सुरुवातीचा सांख्यिकी लेख कोलकात्यातल्या अँग्लो-इंडियन पुरुषांच्या उंचीवरच होता.

१७ जून

शाळा काल उघडली. दहावीची पाच-सहा मुलं मधल्या सुट्टीनंतर ग्रंथालयात बसवली. आलेख कागद वाटले, केत्लेचे आकडे फळ्यावर लिहिले.

पहिला प्रश्न लगेच आला: "बाई, ह्यात वर्ग कुठेत? नुसतं ३३, ३४, ३५ दिलंय." चांगला प्रश्न. ३३ इंच म्हणजे कोणाची छाती नेमकी ३३ इंच नव्हे. जवळच्या पूर्ण इंचात मोजली, म्हणजे ३२.५ ते ३३.५. असे वर्ग सलग केले की ३३, ३४ हे आकडे आपोआप वर्गमध्य होतात, वेगळे काढायला नकोत. दोन्ही टोकांना शून्य वारंवारतेचा एकेक वर्ग: डावीकडे ३२, उजवीकडे ४९. X-अक्षावर शून्यापासून ३२ पर्यंत काहीच नाही, तिथे अक्षसंकोच चिन्ह (अक्षाचा तो भाग गाळल्याची खूण). Y-अक्षावर मात्र संकोच चालणार नाही. टोकं शून्यावर टेकवायची आहेत, तर शून्य जागेवर असायलाच हवं.

प्रमाणावरून वाद झाला. X-अक्षावर १ सेमी = १ इंच यावर एकमत, ३२ ते ४९ सतरा सेंटिमीटरमध्ये बसतं. Y-अक्षावर अर्ध्यांनी १ सेमी = १०० सैनिक घेतले, अर्ध्यांनी १ सेमी = ५०. पहिल्यांचा डोंगर पावणेअकरा सेंटिमीटर उंच, दुसऱ्यांचा साडेएकवीस. कागद शेजारी ठेवल्यावर एकजण म्हणाला, "ह्यांचे सैनिक जास्त सारखे दिसतात, आपले पसरलेत." आकडे तेच, फक्त उंचीचं प्रमाण बदललं. दोन्ही कागद ठेवून घेतले. प्रदर्शनात शेजारी-शेजारी लावणार, खाली प्रमाण ठळक.

५०च्या प्रमाणात १ मिमी म्हणजे ५ सैनिक. ३३ इंचवाले तिघे ०.६ मिमी उंचीवर आणि ४८ इंचवाला एकटा ०.२ मिमीवर. पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीतच गेले ते. टोक अक्षाला टेकलेलं दिसलं तरी तिथे माणूस असू शकतो, हे सारणी पाहिल्याशिवाय कळत नाही.

दोघांनी बिंदू वर्गमध्यावर न घेता वरच्या वर्गमर्यादेवर घेतले होते. आकार तंतोतंत तोच, पण अख्खा आलेख अर्धा इंच उजवीकडे सरकलेला, शिखर ४०.५वर. खोडायला लावलं नाही. दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून पाहिले आणि कुठल्या आलेखातला कंत्राटदार कोट सैल शिवेल ते विचारलं.

१८ जून

आज आख्खा तास एका प्रश्नावर गेला. ठरवलेलं बरंच राहिलं, पण हेच महत्त्वाचं होतं.

एका मुलीने ३९ आणि ४० मधल्या रेघेवर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "बाई, साडेएकोणचाळीसला १०७६ सैनिक ना?" रेघेवर वाचलं तर १०७३ आणि १०७९ यांच्या मधोमध १०७६ येतंच. पण ३९.५ ही तर वर्गमर्यादा. तिथे वेगळे असे कोणी सैनिक मोजलेलेच नाहीत. ३९.५च्या डावीकडचे ३९च्या गठ्ठ्यात, उजवीकडचे ४०च्या. बहुभुजावर माहिती फक्त शिरोबिंदूंवर असते. दोन शिरोबिंदूंमधली तिरकी रेघ आपण नजरेच्या सोयीसाठी ओढलेली असते, तिच्यावर बोट ठेवून 'इतके सैनिक' असं उत्तर वाचायचं नसतं.

"मग ती कशाला काढायची?" असं लगेच आलं. तेव्हा क्षेत्रफळाकडे वळलो.

एकाला ५०च्या प्रमाणात आयतालेख (प्रत्येक वर्गावर वारंवारतेइतका उंच आयत) काढायला लावला आणि त्याच्यावरच लाल पेनने बहुभुज. ३६ आणि ३७ मधली पायरी घेतली. ३६चा आयत ३.७ सेमी उंच, ३७चा ८.४ सेमी. लाल रेघ पायरीला बरोबर मध्यावर छेदते, ६.०५ सेमीवर. पायरीच्या डावीकडे, ३६च्या आयतावर, रेघेखाली एक लहान त्रिकोण जास्तीचा आला. उजवीकडे, ३७च्या आयताचा एक त्रिकोणी कोपरा रेघेबाहेर कापला गेला. दोन्ही काटकोनी, दोन्हींचा पाया ०.५ सेमी, उंची २.३५ सेमी. एकरूप. जितकं कापलं तितकंच जोडलं. प्रत्येक पायरीवर हाच हिशेब, म्हणून बहुभुजाखालचं क्षेत्रफळ आयतालेखाइतकंच. त्या क्षेत्रफळाला ५०ने गुणलं की सैनिकांची संख्या.

हे फक्त वर्ग सारख्या रुंदीचे असले तर. रुंदी वेगवेगळी असली की ते दोन त्रिकोण एकरूप राहत नाहीत.

टोकं अक्षाला का टेकवायची, तेही यातूनच कळतं. पहिल्या आयताचा डावीकडचा कोपरा कापला जातो, त्याची भरपाई ३२च्या रिकाम्या वर्गात होते. पण केत्लेच्या आकड्यांत ही गोष्ट ठसत नाही. टोकं लोंबकळत ठेवली तर ३चे अर्धे आणि १चा अर्धा, मिळून २ सैनिकच हरवतात. ५७३८मधले दोन. मुलांना वाटतं बाई उगाच दोन सैनिकांसाठी हटून बसल्या.

म्हणून तेच आकडे चार-चार इंचांच्या वर्गांत बांधले: २८७, ३३२१, २०५४, ७६. आता टोकं मोकळी सोडली तर (२८७ + ७६) ÷ २, म्हणजे १८१.५ सैनिक गायब. अर्ध्या सैनिकावर सगळे हसले, पण मुद्दा पोचला. एकाने घरी जायच्या आधी सगळं बीजगणितात मांडून दाखवलं: लगतच्या दोन वारंवारतांची सरासरी घेत गेलं तर प्रत्येक वारंवारता दोनदा अर्धी-अर्धी येते, म्हणजे एकदा पूर्ण, फक्त दोन्हीकडे शून्य असायला हवं. मी काही सांगितलं नव्हतं.

२० जून

केत्लेचं वाचन. वाक्यं मुलांनी केली, मी फक्त आकडे तपासले.

शिखर ४० इंचांवर, पण ३९ आणि ४० मध्ये फरक अवघ्या ६ जणांचा. ५०च्या प्रमाणात १.२ मिमी. त्याला शिखर म्हणण्यापेक्षा पठार म्हणावं, असं ठरलं. मध्य (सरासरी) ३९.८३, मध्यक (चढत्या क्रमातलं मधलं माप) ३९.८२, सूत्राने बहुलक (सर्वांत जास्त आढळणारं माप) ३९.५४. तिन्ही अर्ध्या इंचाच्या आत.

३८ ते ४१ या चार वर्गांत ३८३५ सैनिक, म्हणजे सुमारे ६७ टक्के. कंत्राटदाराच्या दृष्टीने हाच मोठा निकाल. चार मापांत तीनातले दोन कोट बसतात.

डावा चढ एकसारखा वाढत जातो. उजवा उतार ४३ पर्यंत ठीक चालतो आणि मग ३७०वरून एकदम ९२. डावीकडे तितक्याच लांब ३६ आहे, तिथे १८५. उत्तम सममित आलेख म्हणून हा दाखवला जातो, पण जवळून पाहिलं तर उजवा खांदा खचलेला आहे. मुलांनी तिथे बाण काढून 'इथे बघा' लिहिलं. 'का' ते लिहायचं नाही असं मी बजावलं. आलेख उतार दाखवतो, कारण दाखवत नाही.

चित्रकलेच्या सरांनी सुचवलं की मोठ्या तक्त्यावर रेघ न मारता थर्माकोलवर टाचण्या आणि त्यावरून लोकर. झकास कल्पना. ताणलेली लोकर सरळच राहते, बहुभुजाला हाताने गोलाई द्यायची सवय परस्पर मोडते.

२३ जून

गाल्टन सुरू. अपत्यांची उंची, इंचांत. ६१.७ पेक्षा कमी: ५. मग ६२.२ पासून ७३.२ पर्यंत एकेक इंचाने:
७, ३२, ५९, ४८, ११७, १३८, १२०, १६७, ९९, ६४, ४१, १७.
७३.७ पेक्षा जास्त: १४. एकूण ९२८.

इथे दोन खोड्या आहेत. पहिली, टोकाचे वर्ग उघडे. 'पेक्षा कमी'ला वर्गमध्य कुठला आणणार? पाठ्यपुस्तकात असला वर्ग बहुभुजाला देतच नाहीत. आम्ही ठरवलं: ही माणसं लगतच्या एका इंचात आहेत असं धरायचं, बिंदू ६१.२ आणि ७४.२वर, पण तो भाग तुटक रेघेने काढायचा आणि खाली 'धरून चाललो आहोत' असं लिहायचं. टाकून दिली तर १९ माणसं जातात, ठेवली तर उंची मनाने द्यावी लागते. तुटक रेघ हा प्रामाणिक मार्ग वाटला.

दुसरी, वर्गमध्य ६२.२, ६३.२ असे विचित्र का? गाल्टनने स्वतःच कारण दिलं आहे. घरोघरी मोजणाऱ्यांचा कल पूर्ण इंच सांगण्याकडे होता, त्यामुळे ६२ आणि ६३च्या दरम्यान नोंदी सारख्या पसरलेल्या नव्हत्या. ते बघून त्याने वर्गमध्य .२वर नेला. मुलांना हे पटायला वेळ लागला नाही. आपल्या जनगणनेत वयांचं हेच होतं. ० आणि ५ने संपणारी वयं फार येतात. 'वय काय आजी?' 'असेल की साठ-पासष्ट.' एकेका वर्षाचा बहुभुज काढला तर करवतीसारखे दाते निघतात, आणि ते दाते लोकसंख्येचे नसून बोलण्याच्या सवयीचे असतात.

आणखी एक गोष्ट सारणीत लपलेली आहे: गाल्टनने सर्व स्त्रियांच्या उंचीला १.०८ने गुणून मग पुरुषांबरोबर मोजलं. हे न सांगता आलेख लावला तर सगळी अपत्यं पुरुषच वाटतील. कार्डावर मोठ्या अक्षरात.

२४ जून

हा दिवस मनासारखा गेला.

एक इंची वर्गांचा बहुभुज काढला तर तीन उंचवटे येतात: ६४.२वर ५९, ६७.२वर १३८, ६९.२वर १६७. मधे दोन खड्डे, ६५.२वर ४८ आणि ६८.२वर १२०. लगेच गोष्टी सुरू झाल्या. एक उंचवटा बायकांचा, एक पुरुषांचा, एक... तिसरा कोणाचा ते सापडेना. मी थांबवलं नाही. फक्त म्हटलं, दोन-दोन वर्ग एकत्र करून बघा.

६१.७ पासून दोन इंची वर्ग: ३९, १०७, २५५, २८७, १६३, ५८, आणि टोकांना ५ व १४. वर्गमध्य ६२.७, ६४.७ असे ७२.७ पर्यंत. उंचवटे गेले, एकच शिखर उरलं, ६८.७वर.

मग म्हटलं, आता सुरुवात एक इंच पुढे सरकवा. ६२.७ पासून: ९१, १६५, २५८, २६६, १०५, आणि टोकांना १२ व ३१. पुन्हा एकच शिखर, पण ६९.७वर, आणि माथा जवळजवळ सपाट.

माणसं तीच ९२८. वर्ग पाडायच्या तीन पद्धती, तीन शिखरं: ६९.२, ६८.७, ६९.७. मुलं एकमेकांचे कागद ओढून बेरजा तपासत बसली, कोणीतरी चुकलं असणार या खात्रीने. कोणी चुकलं नव्हतं.

तीन उंचवट्यांच्या गोष्टी तिथेच संपल्या. वर्ग जरा रुंद केल्यावर किंवा सुरुवात थोडी हलवल्यावर जो उंचवटा नाहीसा होतो, त्याच्यावर बायका-पुरुषांचा सिद्धांत उभा करायचा नाही. उलट बाजूही आहे: वर्ग फार रुंद केले तर खरे दोन गटही एकाच टेकाडाखाली जातात. परवाचा केत्लेचा चार इंची आलेख पुन्हा काढून दाखवला. त्यात ४३ नंतरचा खचलेला खांदा शोधूनही सापडत नाही.

तिन्ही एकाच कागदावर घ्यायचे तर अजून एक अडचण. दोन इंची वर्गात स्वाभाविकच दुप्पट माणसं, म्हणून तो डोंगर दुप्पट उंच दिसतो. तुलनेसाठी वारंवारता रुंदीने भागावी लागते, म्हणजे इंचामागे किती माणसं. २८७चे १४३.५ होतात, २६६चे १३३. आता एक इंची आलेखाचं १६७चं टोक सगळ्यात वर येतं आणि तिन्हींखालची क्षेत्रफळं सारखी होतात. मागच्या आठवड्यातले त्रिकोण इथे कामी आले.

२६ जून

शेवटचा तक्ता: एकाच बोर्डवर दोन बहुभुज. आयतालेख एकावर एक काढले की कुठला आयत कोणाचा ते कळत नाही, बहुभुज मात्र दोन रंगांच्या लोकरीत सुखाने राहतात.

निळी लोकर अपत्यांची. लाल लोकर पालकांची: वडिलांची उंची आणि १.०८ने गुणलेली आईची उंची यांची सरासरी. पालकांच्या वारंवारता ६४.५ पासून ७२.५ पर्यंत: २३, ६६, ७८, २११, २१९, १८३, ६८, ४३, १९, त्याखाली १४ आणि वर ४. बेरीज पुन्हा ९२८, कारण प्रत्येक अपत्यामागे त्याचे पालक एकदा मोजले आहेत. जास्त मुलांचे आईबाप जास्त वेळा मोजले गेले, हे ओघाने आलंच. पण दोन्हीकडची बेरीज सारखी असल्यामुळे टक्केवारी काढावी लागली नाही. नाहीतर केत्लेचे ५७३८ आणि गाल्टनचे ९२८ एकाच अक्षावर उभे करायला कोणी ना कोणी तयार होतंच.

दोन्ही शिखरं जवळजवळ एका जागी. लाल मात्र उंच आणि बारीक, निळा बसका आणि रुंद. पालकांच्या मधल्या तीन वर्गांत (६७.५ ते ६९.५) ६१३ जण, ६६ टक्के. अपत्यांच्या मधल्या तीन वर्गांत (६७.२ ते ६९.२) ४२५, ४६ टक्के. मुलांचा पहिला निष्कर्ष: मुलांच्या पिढीत उंचीची विविधता वाढली. चार पोरांनी एकदम लिहायला घेतलं.

लिहू दिलं नाही. लाल आलेखातला प्रत्येक आकडा दोन माणसांची सरासरी आहे. उंच बापाला बेताच्या उंचीची बायको असली की जोडी मधे येते. सरासऱ्या एकेकट्या माणसांपेक्षा कमी पसरतात, मग पिढी कुठलीही असो. लाल आणि निळ्यात पिढीचा फरक आहेच, पण त्याच्या आधी एक माणूस आणि दोन माणसांची सरासरी हा फरक आहे. एकीने विचारलं, मग नुसत्या बापांचा बहुभुज काढला तर तो निळ्याइतका रुंद येईल का? तो खरा प्रश्न. त्याला लागणारे आकडे या सारणीत नाहीत, म्हणून तो प्रश्नच तिच्या अक्षरात कार्डावर लावला.

२७ जून

सगळं लागलं. डावीकडून: केत्ले दोन प्रमाणांत, केत्ले चार इंची, गाल्टनचे तीन बहुभुज एका कागदावर, मग लाल-निळा बोर्ड. वरच्या मर्यादेवर बिंदू घेतलेला कागदही लावला आहे, काचेवर धरल्यासारखा दुसऱ्या कागदावर चिकटवून, 'कोट कोणाचा सैल?' या मथळ्याखाली. लोकर दमट हवेने ढिली पडते आहे, ६८.२च्या खड्ड्यात लोंबायला लागली आहे. उद्या सकाळी लवकर येऊन टाचण्यांना एकेक वेढा जास्त द्यायचा. पाहुण्यांना समजावून सांगायला दोन पाळ्या केल्या आहेत. आठवीतली मुलं प्रश्न विचारणारच, त्यांच्यासाठी टेबलावर कोरे आलेख कागद आणि केत्लेची सारणी ठेवली आहे, तीन इंची वर्ग अजून कोणी पाडून पाहिलेले नाहीत.